ढोलीतली आणि घरातली

लटारूने दुसरी केली, ही बातमी खैरटोल्यात गुणवंतरावांच्या ओट्यावरून निघाली. त्या ओट्यावरून निघालेल्या बातमीला नागभीडचा बाजार गाठायला आठवड्याच्या वर कधी लागलं नाही. एक घरात बाजेवर, दुसरी रानात बेहड्याच्या ढोलीत. दोघींनाही बाहेर पडता येत नाही, दोघींच्याही तोंडात घास हाच घालतो, आणि ढोलीतली जेवली नाही तर घरातली भांड्याला हात लावत नाही. सवतीवर एवढी माया करणारी बाई अख्ख्या चांदा जिल्ह्यात दुसरी नसेल, असं गुणवंतराव सुपारी कातरता कातरता म्हणायचे आणि ओटा हसायचा.

वैशाख लागेपर्यंत हसला. त्यानंतर ओट्यावर नुसता अडकित्त्याचा आवाज यायचा.

लटारू पन्नाशी उलटलेला, तलावाखालच्या चार बांध्यांत धान लावणारा माणूस. मालगुजारी जाऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती, आणि तलाव नेमका कुणाचा यावर गावात अजून भांडणं चालायची. लटारू त्यातल्या प्रत्येक भांडणात दोन्ही बाजूंनी बोलून आलेला. तो खोटारडा होता असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. त्याच्या तोंडी खरं जरा फुगायचं, एवढंच. तलावात दोन मासळ्या सापडल्या तर गावात येईस्तोवर त्यांच्या सात व्हायच्या. बांधावर अस्वलाचं पाऊल दिसलं, तर दिवेलागणीपर्यंत त्या अस्वलाने लटारूकडे पाहून दात विचकलेले असायचे. शकुबाईने तीस वर्षं त्याच्या प्रत्येक आकड्यातून निम्मे वजा करून संसार केला होता, आणि तो वाईट झाला नव्हता.

त्या शकुबाईला दोन वर्षांपासून सांध्यांनी धरलं होतं. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. रोवणीला जिच्या मागे बाया धापा टाकत यायच्या, ती आता उताणी पडून छपराची कवेलू मोजायची. निरगुडीचा पाला झाला, रुईची पानं झाली, बिब्बा झाला. मग नागभीडच्या बाजारात लटारूला तेलवाला भेटला. काळी बंडी, पुढ्यात पिवळ्या तेलाच्या बाटल्या आणि बाटल्यांपुढे धनेश पाखराची वाळलेली, वाकडी, शिंग असलेली चोच. तो कमी बोलायचा, त्यामुळे त्याचं खरं वाटायचं. धनेशाचं तेल चोळलं की दगडाचा सांधासुद्धा वळतो, म्हणाला. पण बाटलीतलं जुनं झालं, जिवंत पाखरू मिळालं तर तुझ्या डोळ्यांदेखत ताजं काढून देतो.

चैत्रात लटारूने नाल्याकाठच्या उंबरावर धनेश टिपला. गुलेलीने टिपला, पाखरू जिवंत हवं म्हणून पंखावर नेम धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा नेम जसा सांगितला तसाच लागला. उपरण्यात गुंडाळून घरी आणलं, शकुबाईच्या बाजेवर सोडलं. राखी रंगाचं, घारीएवढं पाखरू. एक पंख लोंबलेला, लाल डोळा, त्या डोळ्याला माणसासारख्या पापण्या. त्याने मान ताणली, घसा हलवला आणि चोचीतून एक पिकलं उंबर गोधडीवर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. एकामागून एक सात उंबरं घशातून काढली, एकही फुटलेलं नाही.

शकुबाई बराच वेळ त्या उंबरांकडे पाहत राहिली.

"हा आपल्यासाठी नेत नव्हता," ती म्हणाली. "कोनाले तरी नेऊन राह्यला होता."

रानातल्या गोंडांच्या वस्तीवरचा, गोंडटोल्यातला जंगू मध काढायचा आणि घरोघर विकायचा. त्याला बोलावलं. जंगूने पंखाला बांबूची कांब लावून चिंधीने बांधलं, आणि बांधता बांधता सहज बोलावं तसं सांगितलं, "बाई, या दिवसांत याची बायको कोंडून घेते. ढोलीत बसते, आतून तोंड लिपते. चोचीपुरती फट ठेवते. पंखं झडून जातेत तिचे. हा आणून देईन तं खाईन."

"आन याने नाई आनलं तं?"

जंगूने चिंधीची गाठ मारली.

शकुबाईने मग जे केलं त्याचा अर्थ गावाला पुढे अनेक दिवस लागला नाही. तिने त्या सात उंबरांवर आपला वाकडा हात ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, "माह्या सांध्यांसाठी तुमी तिचा घास आनला. आता ती जेवली का मी जेवीन. ती नाई तं मीबी नाई."

लटारूला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. पण दुसऱ्या दिवशी दुपार उलटेपर्यंत तिच्या उशाशी अंबील तशीच होती आणि वरून साय धरली होती.

मग तो जंगूला घेऊन रानात गेला. दीड दिवस शोधल्यावर बेहड्याचं झाड सापडलं. चार पुरुष उंचीवर ढोली, तोंड वाळल्या शेणामातीसारखं लिपलेलं, मधोमध उभी फट. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं आणि आत गेलं. जंगूने मध काढायच्या रीतीने बुंध्यात बांबूच्या खुंट्या ठोकल्या, एकीवर एक, वरपर्यंत. लटारूला चढवलं, बांबूच्या कामटीच्या टोकाला उंबर खोचून फटीशी धरायला शिकवलं. पहिल्या दिवशी तिने कामटीच मोडली. दुसऱ्या दिवशी लटारूच्या अंगठ्याचं नख फोडलं. तिसऱ्या दिवशी उंबर घेतलं. खाली उतरल्यावर जंगूने एकच गोष्ट बजावली: उतरताना खालच्या पाच खुंट्या उपटून घरी न्यायच्या. मोहळ काढणारा कधी शिडी ठेवून जात नाही.

लटारूने आठ दिवस उपटल्या. रोज ठोकायच्या आणि रोज उपटायच्या म्हणजे त्याचा खांदा भरून यायचा. नवव्या दिवशी त्याने त्या तशाच ठेवल्या. रानात कोण येतं, म्हणाला.

असा तो अदलाबदलीचा संसार सुरू झाला. घरात शकुबाई दुसरीच्या नवऱ्याला सांभाळायची: कोंबड्यांचं डालगं बाजेशेजारी आणून ठेवलेलं, त्यात धनेश, आणि ती न मिटणाऱ्या बोटांत उंबर धरून एकेक भरवायची. रानात हिचा नवरा त्याच्या बायकोला. जंगू म्हणाला होता की पिल्लं निघाली म्हणजे नुसत्या उंबरावर भागणार नाही, सरडे लागतील, नाकतोडे लागतील. तेव्हा पन्नाशीचा लटारू दुखरे गुडघे घेऊन धानाच्या वाळक्या धसकटांत नाकतोड्यांमागे पळताना दिसू लागला. वाटेवर गुणवंतराव विचारायचे, "काय लटारू, धाकटी जेवली का?" आणि लटारू फुशारून सांगायचा, जेवली, अकरा खाल्ले. शकुबाई अकराचे पाच करायची आणि तेवढ्यावर समाधानाने अंबील प्यायची.

महिन्याभराने ढोलीतून बारीक किरकिर ऐकू आली. दोन आवाज होते. त्या दिवशी शकुबाईने अंबील पिऊन वर भातसुद्धा मागितला.

वैशाखात तेलवाला गावात आला.

देवळाच्या ओट्यावर बाटल्या मांडून बसला. लटारूला ओळखून त्याने फक्त हात पुढे केला, पाखरू दे अशा अर्थाने. लटारूने नाही म्हटलं. तेलवाल्याला राग आला नाही. तो हसलाही नाही. लटारूच्या खांद्यावरच्या झोळीकडे पाहत राहिला, तिच्यातून उंबराचा वास येत होता. "एक नाई तं दुसरा," म्हणाला. "रान मोठं आहे." त्यानंतर रोज सकाळी लटारू रानाकडे निघाला की तेलवाला ओट्यावर बसलेला दिसायचा, तोंड त्याच वाटेकडे. तो काही करत नव्हता. नुसता बसलेला असायचा. गावातल्या बाया त्याच्याकडून तेल घ्यायच्या, पण पाणी भरायला दुसऱ्या वाटेने जायला लागल्या.

जंगूला विचारावं, तर जंगू अख्ख्या टोल्यासह तेंदूपत्ता तोडायला दूरच्या रानात गेलेला. लटारूला खुंट्या आठवल्या. उद्या उपटू, त्याने ठरवलं. खांदा दुखत होता.

पाचव्या सकाळी देवळाचा ओटा रिकामा होता. बाटल्या नाहीत, बंडी नाही. लटारू गुडघे विसरून रानात धावला.

बेहड्याखाली लिंपणाचे तुकडे पडले होते. वाळलेले, तळहाताएवढे, आणि त्यांच्यात राखी पिसं. वर ढोलीचं तोंड उघडं, काळं. आतून आवाज नाही. आणि बुंध्यावर खालपासून वरपर्यंत त्याच्या खुंट्या, एकही न उपटलेली, चढणाऱ्यासाठी मांडून ठेवल्यासारख्या.

चढून आत पाहायला हवं होतं. लटारूने पहिल्या खुंटीवर पाय ठेवला, मग खाली घेतला. आत काय दिसेल ते त्याला माहीत आहे असं त्याला वाटलं, आणि जे माहीत आहे ते पाहायची त्याची तयारी नव्हती. तो नाल्यावर गेला, झोळीतली उंबरं पाण्यात ओतली, झाडाखाली दुपारपर्यंत बसला आणि घरी आला.

बाजेवरून शकुबाईने विचारलं, "जेवली?"

तिच्या उशाशी अंबिलीचं भांडं झाकून ठेवलेलं होतं. तिच्या मनगटाची हाडं हल्ली कातडीतून मोजता यायची.

"आठ खाल्ले," लटारू म्हणाला.

शकुबाईने मनात चार केले आणि अंबील प्याली.

आयुष्यभर ज्याने खरं फुगवलं, त्याने त्या दिवशी पहिल्यांदा मुळातच काही नसताना आकडा सांगितला. आणि तो फार सोपा होता, हेच त्याला भयंकर वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा झोळी भरली, पुन्हा नाल्यात रिकामी केली, पुन्हा येऊन सांगितलं. बेहड्याकडे तो फिरकलाही नाही. गुणवंतरावांनी ओट्यावरून हाक मारली, धाकटी बरी आहे का, तर लटारू न थांबता पुढे गेला. गुणवंतरावांना ते खटकलं. लटारू उत्तर न देता गेला असं गावात कधी झालेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो दुपारी परतला तेव्हा शकुबाई भिंतीला टेकून बसलेली होती. मागचं दार सताड उघडं. डालग्यातला धनेश सारखा फिरत होता, चोच पट्ट्यांवर घासत होता.

"आज किती खाल्ले?"

"नऊ."

"हातातून का काडीवरून?"

"हातातून," लटारू म्हणाला. "आता वळखते मले."

"आन पिल्लं?"

"दोघंबी वरडत होते. धष्टपुष्ट झाले."

"बसा," शकुबाई म्हणाली. "पानी प्या."

तो पाणी पिईपर्यंत ती थांबली. मग तिने वाकडा हात उचलून मागच्या दाराकडे केला. परसात चिंच होती. चिंचेच्या खालच्या फांदीवर राखी रंगाची धनेश मादी बसलेली, शेपटी चुरगळलेली, पंख नवेकोरे. तिने तोंड उघडून किंचाळल्यासारखी साद घातली आणि डालग्यातून उत्तर गेलं.

"परवापासून हिचा आवाज येत होता, आज सकाळी येऊनच बसली," शकुबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तीन दिवस मी खोटं खाल्लं. आता तीन दिवस खानार नाई."

लटारू उठला तो थेट गोंडटोल्यावर. जंगू त्याच सकाळी पत्ता तोडून परतला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी चिलीम विझवली. तेलवाला? तो तर तीन दिवसांपासून तेंदूपत्ता मोजायच्या जागी मजुरांना बाटल्या विकत बसला आहे, जंगूने स्वतः पाहिलं होतं. "मायले पंखं फुटले का तीच फोडून बाहेर निंगते, भाऊ. मंग पोरं आतून पुन्हा लिपून घेतेत. तू वर चढून पाह्यलं नाई काऊन?"

दोघे झाडाशी गेले तेव्हा ढोलीला खरोखरच नवं लिंपण होतं, ओलसर, आणि फट पहिल्याहून अरुंद. जंगू चढला. फटीतून एक चोच बाहेर आली, लहान, पिवळट. त्याने उंबर दिलं, चोच आत गेली, पुन्हा आली. तीच. तो वर बराच वेळ कान लावून राहिला.

"एकच आहे," खाली उतरून तो म्हणाला. नव्या पंखांची एकटी आई, दोन तोंडं, आणि तीन दिवस खालून कुणी काही दिलं नाही. एवढा हिशेब लटारूने स्वतःच केला, जंगूला बोलावं लागलं नाही. जंगू दुसऱ्या पहाटे पुन्हा पत्त्याच्या रानाकडे निघून गेला.

पुढचे तीन दिवस गाव दबक्या पावलांनी वावरलं. ऊन असं की तलावाची माती तडकलेली. शकुबाई नुसत्या पाण्याच्या घोटावर होती. लटारू रोज खुंट्या ठोकायचा, चढायचा, भरवायचा, उतरताना एकूण एक खुंटी उपटायचा आणि येऊन सांगायचा, पिल्लू जेवलं. आकडा सांगत नसे. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

चौथ्या दिवशी तिचा नेम संपला. लटारूने दुपारी अंबिलीचं भांडं तिच्यासमोर धरलं. "जेवलं," म्हणाला.

"कोन सांगते?" शकुबाईने विचारलं.

लटारूने भांडं खाली ठेवलं. सांगणारा तोच होता, आणि त्याच्या सांगण्याचं आता काही मोल राहिलं नव्हतं. गुणवंतराव धावत आले, मी सांगतो म्हणाले. शकुबाईने त्यांना विचारलं, "भाऊ, तुमी पाह्यलं?" गुणवंतरावांनी आयुष्यात ओट्यावरून दिसतं त्यापलीकडे काही पाहिलेलं नव्हतं.

मग तिने मला तिथे न्या म्हणून सांगितलं.

बाज उचलली. पुढे लटारू आणि गुणवंतराव, मागे शेजारचे पत्रू आणि झाडू. उन्हातून चौघांच्या खांद्यावर बाज गावाबाहेर निघाली, वर पांघरूण घातलेली बाई डोळे मिटून पडलेली, आणि बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीने पदर तोंडाला लावला. कुणी कुणाला सांगेना की ही मेलेली नाही. रानाच्या तोंडाशी समोरून तेलवाला येत होता, बाटल्यांची पेटी डोक्यावर. त्याने पेटी उतरवली, वाट सोडून उभा राहिला आणि बाजेकडे पाहून हात जोडले. शकुबाईने त्याच वेळी डोळे उघडले. तेलवाला दोन पावलं मागे सरला. बाज पुढे गेल्यावरही तो तिथेच उभा होता, ते कोणत्या वाटेला वळतात ते पाहत.

बेहड्याखाली बाज टेकवली. लटारूने कमरेच्या खुंट्या काढल्या आणि तिच्यासमोर एकेक ठोकत वर गेला, खांदा भरून येईस्तोवर. फटीतून चोच आली. उंबर गेलं. शकुबाई खालून ओठ हलवत मोजत होती. एक, दोन, तीन, चार. तेवढ्यात आई पंखांचा घरघर आवाज करत आली, लटारूला पाहून शेजारच्या फांदीवर बसली आणि तो खाली सरकल्यावर आपणही चोचीतलं देऊन गेली.

शकुबाईने हात पुढे केला. गुणवंतरावांनी भांडं तिच्या ओठांना लावलं. ती दोन घोट प्याली आणि थांबली.

"दोन होते ना?" ती म्हणाली.

लटारू शेवटच्या खुंटीवर होता. भांड्यात अजून पुष्कळ अंबील होती. एक आत झोपलं असेल, एवढं म्हणाला असता तरी पुरलं असतं. वर काय आहे ते खालून कुणालाच दिसत नव्हतं. गुणवंतरावांनी त्याला डोळ्यांनी तेच सुचवलं. लटारूने जमिनीवर पाय टेकवला, खुंटी उपटली.

"एक गेलं," तो म्हणाला. "मी वर चढलो नाई म्हून गेलं. मी उंबरं नाल्यात टाकत होतो."

शकुबाईने गुणवंतरावांच्या हातातलं भांडं दोन्ही मनगटांत धरलं, सावकाश पीत राहिली. बरोबर निम्मं झाल्यावर तिने ते बाजेवरून कलतं केलं आणि उरलेलं, गेलेल्याच्या वाट्याचं, बेहड्याच्या मुळाशी ओतलं.

"चला घरी," म्हणाली.

पिल्लू ज्येष्ठात बाहेर पडलं. नराचं हाड जुळलं, पण वाकडं. तो चिंचेच्या वर कधी गेला नाही. मादी पाऊस धरेपर्यंत यायची, नंतर येईनाशी झाली. लटारू आता दोन मासळ्या मिळाल्या तर दोनच सांगतो, आणि गाव जुन्या सवयीने त्याची एक करतं. शकुबाई त्या दिवसापासून अर्ध्यावर थांबायची, भात असो की अंबील. उरलेलं लटारूने चिंचेच्या बुंध्याशी नेऊन ओतायचं, असं ठरूनच गेलं. ओट्यावरून ती चिंच दिसते. भांडं घेऊन लटारू परसात आला की गुणवंतराव सुपारी कातरायची थांबवून त्यात किती उरलं आहे ते पाहायचे. पोळ्याच्या सुमाराला ते अर्ध्याहून जास्त दिसू लागलं होतं.